साडेआठची पंगत आणि चार वर्षांचं पोर

क्रूझचं बुकिंग करताना केबिन कुठली, बाल्कनी हवी का, वायफायचे पैसे भरायचे का, यावर घरात भरपूर खल होतो. अर्जातल्या एका रकान्याकडे मात्र फारसं कुणी बघत नाही: रात्रीचं जेवण लवकर हवं की उशिरा? ‘घरी आपण नऊलाच जेवतो, मग साडेआठ काय वाईट?’ असं म्हणून उशिराच्या वेळेवर खूण होते. मग बोटीवरच्या पहिल्याच संध्याकाळी सूप येईपर्यंत धाकटं टेबलावर डोकं टेकून झोपलेलं असतं, थोरलं नुसत्या पावावर पोट भरून बसलेलं असतं आणि आईबाप आजूबाजूच्या टेबलांकडे बघून ओशाळं हसत असतात.

यात मुलांचा हट्टीपणा कमी आणि घड्याळांचा घोळ जास्त असतो. जहाजाचं घड्याळ एक वेळ सांगतं, मुलाचं शरीर दुसरीच. दोन्हींतलं अंतर आधी मोजलं, तर बराचसा त्रास बंदर सोडण्याआधीच मिटतो.

दोन पंगती कशासाठी?

मोठ्या जहाजाच्या मुख्य भोजनगृहात सगळे प्रवासी एका वेळी मावत नाहीत. जानेवारी २०२४मध्ये प्रवाशांना घेऊन निघालेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’ या जहाजावर केबिनमागे दोन माणसं धरली तर ५,६१० प्रवासी असतात; सगळे पलंग भरले तर हा आकडा ७,६००वर जातो. एवढ्यांना टेबलावर बसवून गरम जेवण वाढायचं, तर लग्नघरात करतात तेच करावं लागतं. पहिली पंगत उठवायची, टेबलं पुन्हा मांडायची, मग दुसरी बसवायची. अमेरिकी कंपन्यांच्या जहाजांवर पहिली पंगत साधारण साडेपाच-सहाला आणि दुसरी सव्वाआठ-साडेआठला बसते. भूमध्य समुद्रात इटालियन आणि स्पॅनिश प्रवासी भरपूर असतात, तिथे दोन्ही वेळा आणखी पुढे सरकतात आणि दुसरी पंगत नऊच्या आसपास जाते.

या वेळा थिएटरशीही बांधलेल्या असतात. पहिल्या पंगतीचे लोक जेवून नाटक-गाण्यांच्या शोला जातात, तर दुसऱ्या पंगतीचे आधी शो बघून मग जेवायला येतात. म्हणून जेवण ‘जरा अर्धा तास अलीकडे’ घेता येत नाही. त्यात हे जेवण एका ताटात सगळं वाढून मोकळं होणारं नसतं. सुरुवातीचा पदार्थ, मुख्य पदार्थ, गोड, असं एकामागून एक येत दीड-दोन तास जातात. साडेआठला बसलेलं टेबल उठतं दहा-सव्वादहाला. पालक हिशेबात धरतात ती बसायची वेळ. मुलाला भारी पडते ती उठायची.

वेळेचा हा जाच सैल करायचे प्रयत्नही झाले. नॉर्वेजियन क्रूझ लाइनने २०००मध्ये ‘फ्रीस्टाइल’ पद्धत आणली: ठरलेलं टेबल नाही, ठरलेली वेळ नाही, भूक लागली की या. पुढे इतर मोठ्या कंपन्यांनीही ठरलेल्या वेळेच्या जोडीला असा मोकळा पर्याय ठेवला. लहान मुलांच्या आईबापांना तो सोयीचा वाटतो आणि बऱ्याचदा असतोही. पण त्यात दोन गोष्टी हातच्या जातात. ऐन गर्दीच्या वेळी टेबलासाठी थांबावं लागतं, आणि रोज नवा वाढपी मिळाल्यामुळे ‘धाकट्याला आधी भात’ हे रोज नव्याने सांगावं लागतं.

मुलांचं काय करायचं, हा प्रश्न प्रवासी जहाजांना नवा नाही. १९३५ साली पहिल्या सफरीवर निघालेल्या ‘नॉर्मांदी’ या आलिशान फ्रेंच जहाजावर मुलांसाठी वेगळं भोजनगृह होतं. त्याच्या भिंती मुलांच्या पुस्तकांतल्या बाबर हत्तीच्या चित्रांनी सजल्या होत्या, आणि ती सजावट बाबरचा जनक जाँ द ब्रुनॉफ याचीच होती. मुंबई-विलायत प्रवासात साहेबांच्या मुलांना सांभाळायला हिंदी आया बोटीवर असत. तिकडे पोचल्यावर निराधार झालेल्या अशा आयांसाठी लंडनमध्ये ‘आयाज होम’ नावाचा आश्रय चालत असे. थोडक्यात, मोठ्यांचं उशिराचं जेवण निवांत व्हायचं ते पोरांना कुणीतरी दुसरीकडे भरवत होतं म्हणून. आज आया नाही, पण पंगतीची वेळ मोठ्यांच्याच सोयीची राहिली आहे. ब्रिटिश कंपन्यांनी त्या काळाचा एक धागा टिकवला आहे. क्युनार्ड आणि पी अँड ओच्या कुटुंबांसाठीच्या जहाजांवर संध्याकाळी पाचच्या सुमारास ‘चिल्ड्रन्स टी’ असतो. चहा नावापुरता, खरं म्हणजे ते मुलांचं रात्रीचं जेवणच.

मुलाच्या शरीरात काय चाललेलं असतं?

स्विस संशोधक अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२मध्ये मांडलेली झोपेची कल्पना आजही पायाभूत मानली जाते. झोप दोन गोष्टी ठरवतात. एक म्हणजे जागं राहू तसा चढत जाणारा झोपेचा दाब, आणि दुसरी म्हणजे उजेड-अंधारावर चालणारं शरीराचं घड्याळ. लहान मुलात हा दाब मोठ्यांपेक्षा भराभर चढतो. म्हणूनच त्याला दुपारची झोप लागते. बोटीवर नेमकी तीच बुडते, कारण दुपारी तरणतलाव असतो, घसरगुंडी असते, नाहीतर बंदरावरची भटकंती.

दुसऱ्या घड्याळाला उजेड बिघडवतो. अंधार पडू लागला की मेंदूतून मेलाटोनिन स्रवू लागतं आणि शरीराला रात्र झाल्याचा निरोप मिळतो. अमेरिकेत कोलोराडो विद्यापीठाच्या संशोधकांनी ३ ते ५ वर्षांच्या मुलांना झोपेआधी तासभर प्रखर उजेडात खेळू दिलं. त्यांचं मेलाटोनिन सरासरी ८८ टक्के दबलं, आणि दिवे मालवून पन्नास मिनिटं झाली तरी बहुतेकांचं पूर्वपदावर आलं नव्हतं. मुलं दहाच होती, त्यामुळे आकड्याला फार कवटाळू नये, पण दिशा स्पष्ट आहे. रात्री दहाला झगमगत्या भोजनगृहातून उठून आणलेलं मूल केबिनमध्ये दमलेलं असूनही टक्क जागं का राहतं, याचं उत्तर त्यात आहे.

तिसरी गोष्ट भुकेची. पाच वर्षांच्या आसपास मुलाचा मेंदू शरीर दिवसभरात वापरत असलेल्या ऊर्जेपैकी सुमारे ४३ टक्के एकटा खातो, असं २०१४मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातून पुढे आलं. पोट लहान आणि खर्च मोठा, म्हणून मुलाला तीन-चार तासांनी काहीतरी लागतंच. दुपारी एकला जेवलेल्या मुलाला साडेआठपर्यंत थांबवलं की आपल्याकडच्या आज्या म्हणतात तसं होतं: भूक मरते. आधी किरकिर, मग रडारड, आणि ताट समोर आलं की ‘नको’.

अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनच्या २०१६च्या शिफारशीनुसार १ ते २ वर्षांच्या मुलांना दिवसभरात ११ ते १४ तास, तर ३ ते ५ वर्षांच्यांना १० ते १३ तास झोप हवी, दुपारच्या झोपेसकट. सकाळी साताठला बंदर लागणार असेल आणि मूल रात्री अकराला झोपणार असेल, तर बेरीज कुठे तुटते ते सांगायला नको.

भारतातून निघालात, तर आधी वजाबाकी करा

लवकरची पंगत मुलांची आणि उशिराची मोठ्यांची, हा सल्ला सगळीकडे मिळतो. अमेरिकी घरांसाठी तो बरोबर आहे, कारण तिथली लहान मुलं आठच्या सुमारास झोपलेली असतात. सगळ्या जगात तसं नाही. तीन वर्षांपर्यंतच्या मुलांच्या झोपेची १७ देशांत तुलना करणारा एक अभ्यास २०१०मध्ये प्रसिद्ध झाला. न्यूझीलंडमध्ये झोपायची सरासरी वेळ संध्याकाळी ७.२७ निघाली, तर हाँगकाँगमध्ये रात्री १०.१७. भारतासह आशियाई देशांतली मुलं एकूणच उशिरा झोपणारी ठरली. पुण्या-मुंबईतल्या घरांना यात आश्चर्य वाटणार नाही. बाबा घरी येतात आठला, मूल जेवतं साडेआठला आणि झोपतं दहाला.

पण घरची सवय बोटीवर जशीच्या तशी चालत नाही, कारण मध्ये वेळेतला फरक येतो.

सिंगापूर भारताच्या अडीच तास पुढे आहे. तिथून सुटणाऱ्या बोटीवर रात्रीचे साडेआठ वाजतात, तेव्हा नाशिकहून कालच आलेल्या मुलाच्या शरीरात संध्याकाळचे सहा वाजलेले असतात. लवकरच्या पंगतीला सहा वाजता बसवाल, तर त्याच्या दृष्टीने ते दुपारी साडेतीनचं जेवण. घरी दहाला झोपणारं मूल तिथे साडेबाराच्या आत पेंगणारही नाही. या सफरी बऱ्याचदा तीन-चार रात्रींच्याच असतात, त्यामुळे शरीर पुरतं जुळण्याआधीच परतीची वेळ येते. इथे उशिराची पंगत बेलाशक घ्यावी आणि सकाळी मुलाला थोडं जास्त झोपू द्यावं. फक्त न्याहारीची बंद व्हायची वेळ आधी बघून ठेवावी.

भूमध्य समुद्रात हिशेब उलटा होतो. उन्हाळ्यात बार्सिलोना किंवा रोम भारताच्या साडेतीन तास मागे असतं. तिथले संध्याकाळचे सहा म्हणजे आपले रात्रीचे साडेनऊ, आणि साडेआठ म्हणजे आपली मध्यरात्र. विमानातून उतरून त्याच दिवशी बोटीवर चढलात, तर पहिल्या दोन रात्री लवकरची पंगतसुद्धा मुलाला उशिराचीच ठरते. तो पाचला जेवून सहाला झोपेल आणि पहाटे चारला ‘उठलो’ म्हणून सांगेल. शरीर ढोबळमानाने दिवसाला तासभर सरकतं. म्हणून आधी दोन-तीन दिवस जमिनीवर काढून मग बोट गाठणाऱ्यांचं पारडं जड असतं. त्यात जूनमध्ये बार्सिलोनाला सूर्य मावळतो रात्री सव्वानऊ वाजून गेल्यावर. चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत मूल त्या उजेडाला रुळतं आणि मग रात्री नऊला जेवणाऱ्या इटालियन पोरांच्या शेजारी मजेत बसू शकतं.

दुबईची वेळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. तिथले सहा म्हणजे आपले साडेसात. लवकरची पंगत घरच्या वेळेशी जवळजवळ जुळते, उशिराची मात्र रात्री दहाला जाते. मुंबई-गोवा किंवा लक्षद्वीपच्या सफरीत वजाबाकीच नाही, घरचीच वेळ पाळायची.

अमेरिकेतल्या मराठी घरांचा पेच वेगळा. न्यू जर्सीतून निघून कॅरिबियनला जाताना मुलांच्या घड्याळात फार तर तासाभराचा फरक पडतो आणि ती रोजच्यासारखी आठला पेंगतात. पण भारतातून नुकतेच आलेले आजी-आजोबा बरोबर असले, तर त्यांची रात्र नि दिवस उलटेपालटे झालेले असतात. अशा वेळी सगळ्यांनी एकाच पंगतीला बसण्याचा आग्रह सोडावा. एक आजी आणि एक नातू दोघेही संध्याकाळी वरच्या डेकवर गरम भात खाऊन खूश होतील.

पोट आधी, पंगत नंतर

कधी कधी लवकरची वेळ भरून गेलेली असते आणि दुसरी पंगतच पदरी पडते. तेव्हा एक नियम उपयोगी पडतो. मुलाचं जेवण आणि घरच्यांबरोबर टेबलावर बसणं, ही दोन कामं वेगळी करायची.

बहुतेक जहाजांवर वरच्या डेकवरचं बुफे संध्याकाळी साडेपाच-सहाला उघडतं. मुलाला त्याच्या नेहमीच्या वेळी तिथे पोटभर जेवू घालायचं: भात, दही, उकडलेल्या भाज्या, अंडं, पास्ता, जे उतरेल ते. मग अंघोळ घालून सैल सुती कपडे चढवायचे. साडेआठला ते टेबलावर येतं ते भरल्या पोटी. तिथे त्याच्यापुढे फळांची बशी किंवा आइस्क्रीम ठेवलं तरी काम भागतं. ‘इथे येऊन नीट जेवला नाही’ ही खंत मग उरत नाही, कारण तो जेवलेलाच असतो.

यात एक अडथळा असतो, दुपारी चार वाजताच्या फुकट आइस्क्रीमच्या यंत्राचा. त्या वेळी पोट गोडाने भरलं की सहाचं जेवण जात नाही आणि साडेसातला भूक लागते, तीही बुफेपासून लांब, थिएटरच्या मधल्या रांगेत बसलेलं असताना. आइस्क्रीम जेवणानंतरचं ठेवावं, आणि चारला केळं किंवा दूध-बिस्किटं द्यावीत.

दुपारची झोपही याच हिशेबात येते. जेवण उशिरा असेल त्या दिवशी दोन ते चारच्या दरम्यान केबिनमध्ये पडदे ओढून मुलाला झोपवावं. पाचनंतरची डुलकी मात्र रात्रीच्या झोपेला खाते.

घरून काय न्यायचं? बहुतेक कंपन्या घरी शिजवलेलं अन्न बोटीवर आणू देत नाहीत, पण बंद पाकिटातलं कोरडं खाणं आणि बाळाचं अन्न चालतं. मेतकुटाचं पाकीट, कुरमुरे, राजगिऱ्याच्या वड्या, गरम पाण्यात भिजवायचे तयार पोहे यांवर वेळ निभावते. बुफेत साधा भात आणि गरम पाणी मिळतंच. विजेची किटली, छोटा कुकर, पाणी तापवायचा रॉड मात्र बॅगेत टाकू नये. समुद्रात आगीचा धोका सगळ्यात मोठा, म्हणून अशा वस्तू तपासणीत काढून घेतल्या जातात. बुफेतला भात किंवा दूध रात्रीसाठी केबिनमध्ये तासन्‌तास उघडं ठेवणंही टाळावं. शिजलेलं अन्न दोन तासांहून जास्त बाहेर राहिलं तर टाकून द्यावं. हात साबणानेच धुवायला लावावेत, कारण बोटीवर पसरणाऱ्या नोरोव्हायरसपुढे नुसतं सॅनिटायझर लंगडं पडतं.

वाढप्याला पहिल्याच रात्री सांगा

ठरलेल्या पंगतीचा मोठा फायदा म्हणजे टेबल तेच आणि वाढपीही तोच. गोव्यातली कितीतरी घरं बोटीवरच्या नोकरीवर उभी आहेत, त्यामुळे तुमचा वाढपी मडगावचा निघाला तर नवल नाही. पण तो कुठलाही असो, पहिल्या रात्री बसल्या बसल्या त्याला सांगून ठेवावं की मुलांचं जेवण आमच्या सुरुवातीच्या पदार्थाबरोबरच आणा आणि त्यांचं गोड आमच्या मुख्य पदार्थाबरोबर. मूल टेबलावर खुशीने बसतं ते अर्धा-पाऊण तास. तेवढ्यात त्याचे सगळे पदार्थ येऊन गेले पाहिजेत. उंच खुर्ची लागणार असेल तर तेही आधीच सांगावं.

मुख्य वाढप्याशी ओळख करून घेतली तर आणखी एक सोय होते. बऱ्याच मोठ्या जहाजांवर भारतीय शाकाहारी पदार्थ आदल्या रात्री सांगितले तर दुसऱ्या दिवशी करून देतात. साधं वरण, कमी तिखट भाजी, पोळी म्हणून जे येईल ते. मुलाला ओळखीची चव मिळाली की निम्मी लढाई जिंकलेली असते.

पंगत बदलायची असेल तर बोटीवर चढल्या दिवशीच भोजनगृहाच्या व्यवस्थापकाला गाठावं. पहिल्या पंगतीत गळती होते, प्रतीक्षायादी पुढे सरकते, पण ती दुपारीच. रात्री उशिरा रडणाऱ्या मुलाला कडेवर घेऊन केलेल्या विनंतीचा उपयोग दुसऱ्या दिवशीच होतो.

जेवणानंतर मूल कुठे?

तीन वर्षांवरच्या मुलांसाठी मोठ्या जहाजांवर किड्स क्लब असतो. बहुतेक ठिकाणी अट एकच: मूल डायपरमधून सुटलेलं हवं. डिस्नेच्या जहाजांवर उशिराच्या पंगतीतल्या लहान मुलांसाठी खास सोय आहे. त्यांचं जेवण आधी वाढतात, आणि साधारण पाऊण तासाने क्लबचे कर्मचारी भोजनगृहातूनच त्यांना खेळायला घेऊन जातात. आईबाप उरलेलं जेवण सावकाश करतात. तीनपेक्षा लहान बाळांसाठी काही कंपन्यांच्या जहाजांवर पैसे भरून पाळणाघर मिळतं. पी अँड ओच्या कुटुंबांसाठीच्या जहाजांवर सहा महिने ते चार वर्षांच्या मुलांसाठी रात्रीची नर्सरीच आहे. मूल तिथे झोपतं आणि पालक उशिरा येऊन त्याला उचलून नेतात. सगळ्याच बोटींवर हे नसतं, म्हणून बुकिंगच्या वेळीच वयाची अट, वेळा आणि दर विचारून घ्यावेत.

जिथे यातलं काहीच नाही, तिथे मोठ्यांनी पाळी लावावी. आज आई टेबलावर, उद्या बाबा. आजी-आजोबा असतील तर आणखी बरं. झोपलेलं मूल केबिनमध्ये एकटं ठेवून ‘खालीच तर आहोत’ म्हणत जेवायला जाणं मात्र कधीही करू नये. पोलादी भिंतींमधून बेबी मॉनिटर धड चालत नाहीत, आणि धोक्याचा भोंगा वाजला तर गर्दीच्या उलट दिशेने केबिनपर्यंत पोचणं अवघड असतं.

खिडकी नसलेल्या आतल्या केबिनचा मुलांच्या झोपेला फायदा होतो, कारण तिथे दिवा बंद केला की मिट्ट काळोख. पण सकाळीही तोच काळोख राहतो आणि शरीराला उजाडल्याचं कळत नाही. उठल्यावर मुलाला पंधरा-वीस मिनिटं उघड्या डेकवर न्यावं. सकाळचा तो उजेडच रात्रीच्या झोपेची वेळ हळूहळू स्थानिक वेळेशी जुळवतो.

पैसे वसूल होण्याचा प्रश्न

एवढं सगळं करूनही एखादी रात्र फसते. दिवसभर पाण्यात खेळलेलं पोर सातलाच गाढ झोपतं आणि आईबाप घड्याळाकडे बघत बसतात: उठवायचं की नाही? जेवणाचे पैसे तिकिटातच भरलेले असतात, कपडे इस्त्री करून टांगलेले असतात, आणि मनात एकच विचार असतो की जेवण वाया जाणार. इथे हिशेब नीट मांडावा. झोपेतून उठवलेलं मूल टेबलावर जेवत नाही, त्याच्या आईबापांनाही जेवू देत नाही आणि दुसऱ्या दिवशीचं बंदर चिडचिडीत घालवतं. म्हणजे एक जेवण वाचवायला जाऊन जेवण, झोप आणि पुढचा दिवस असं तिन्ही जातं. त्याऐवजी केबिनमध्ये सँडविच मागवावीत. बऱ्याच बोटींवर ती तिकिटातच येतात, काहींवर वरचे थोडे पैसे पडतात. भोजनगृहाची पंगत रोज बसते. एक दिवस चुकली तर वाढपी दुसऱ्या दिवशी हसून विचारतो, ‘काल झोपला का?’